धुरपताच्या जागेवर

सिंदी मेघे, वर्धा
६ जानेवारी २०२५

धुरपतास,

मी इथं सुखरूप पोचलो. राहाची सोय बरी आहे. जेवण बरं आहे. थंडी आहे. मायची तब्येत सांभाळजो. मॅडमनं सगळ्यायले घरी पत्र लिहाले लावलं, म्हून लिहिलं. बाकी ठीक.

रूपराव


नवी तांबसावळी पुनर्वसन, केळझरजवळ
११ जानेवारी २०२५

शुभमच्या बाबांस नमस्कार.

पोस्टमननं हाक मारली तं मले वाटलं शुभमच्या कंपनीचं काही आलं. पाहते तं तुमचं अक्षर! लग्नाले सव्वीस वर्षं झाले, आन् हे तुमचं मले आलेलं पहिलं पत्र. त्याच्यात मोजून सात-आठ ओळी, अन् त्यातबी 'बरं आहे, बरं आहे.' मायनं मले दोनदा वाचाले लावलं. म्हणे, "उलटून पाह्य वं, मांगच्या बाजूनं काही लिहिलं असन." मांगं काहीच नव्हतं.

काल तुमचा फोन आलता. मी अर्धा घंटा बोलले आन् तुम्ही बारा वेळा 'हं' म्हटलं. आता आपलं असं ठरलं समजा: कोणाची तब्येत बिघडली तं फोन करा, नाई तं मी उचलणार नाई. पत्र लिहा. कागदावर 'हं' लिहून पान भरत नाई.

तुम्ही काही जन्माचे असे नव्हते. जुन्या तांबसावळीत नाल्याकाठच्या वाडीत तुम्ही वांग्याच्या झाडाशी बी बोला. मी टोपलं भरून बाजारात निघाली का मांगून हाक मारून आणखी दोन गोष्टी सांगा. मंग धरणात गाव गेलं, वाडी गेली, आन् या पुनर्वसनातल्या सिमेंटच्या घरात आल्यापासून चार वर्षांत तुमचं बोलणं कुठं गेलं काय मालूम. आता विक्रीचं शिकाले गेले आहा. विकणं म्हणजे बोलणंच ना? मंग पहिले घरी बोलून पाहा.

तिथं कोण कोण आहे, मॅडम काय शिकवते, दुपारी भाजी कायची होती, सगळं लिहा. शुभमचा पुण्याहून फोन आलता. "बाबा या वयात शाळेत?" म्हून हासला. मी म्हटलं, मले हास, बाबाले हासजो नको.

माय बरी आहे.

धुरपता


सिंदी मेघे
१९ जानेवारी २०२५

धुरपतास,

तुह्यं पत्र भेटलं. आता सगळं लिहितो.

आमी बावीस जण आहो. कोणाचं गाव आपल्यासारखं धरणात गेलं, कोणाची झोपडी रेल्वेच्या कडेनं होती थे उठवली, कोणाची कापसाची जिनिंग बंद पडली. प्रेरणा म्हून एक बाई आहे हिंगणघाटची, नवऱ्यानं सोडलेली, पोरगी आपल्या मायजवळ ठेवून आली. दीड महिन्यात आमाले दुकानात उभं राहाले शिकवतात आन् मंग नोकरी पाहून देतात. रविवारी बी बाजारात नेऊन सराव करून घेतात, म्हून घरी येता येत नाई. वयानं सगळ्यात मोठा मी. सगळे 'काका' म्हणतात. मॅडम बी काका म्हणते. तिचं नाव सुरभी. आपल्या शुभमपेक्षा चार-पाच वर्षांनं मोठी असन.

सुरभी मॅडम सांगते, गिऱ्हाईक आलं का पहिले नमस्कार, मंग हासणं, मंग त्याची गरज इचारणं, मंग वस्तू दाखवणं, मंग त्याच्या शंका काढणं. हासणं शिकवाले आरसा आणला आहे. मी आरशासमोर हासलो तं मॅडम म्हणे, "काका, दात दुखते का?" सगळा वर्ग हासला. मले बी हासू आलं. मॅडम ओरडली, "हेच! हेच पाहिजे!" पण दुसऱ्या खेपी जमलं नाई.

परवा मले एक स्टीलची पाण्याची बाटली प्रेरणाले विकाची होती. खोटी-खोटी. मी बाटली हातात घेऊन उभा राह्यलो. तोंडातून शब्द निघेना. मंग मी खाली बसलो. धुरपता, पिकवणं माह्यं होतं आन् विकणं तुह्यं. वांग्याले कीड लागली तं मी पान उलटून सांगो. या बाटलीबद्दल मी काय सांगू? मले तं तिच्याबद्दल काहीच मालूम नाई.

सुरभी मॅडम रागावली नाई. म्हणे, "जमेल काका." काल दुपारी गोळ्याची कढी होती. तुह्यासारखी नाई.

रूपराव


नवी तांबसावळी
२७ जानेवारी २०२५

शुभमच्या बाबांस,

पत्र आलं आन् घर कसं भरून गेलं. मायले तीनदा वाचून दाखवलं. दात दुखते का, इथं आली का थे पोट धरून हासते. पण एक सांगा, त्या पत्रात मॅडम पाच ठिकाणी आली आन् मी तीन ठिकाणी, त्यातबी एका ठिकाणी कढीमुळं. मी मोजलं. रागानं नाई लिहिलं, तुमाले मालूम राहावं म्हून लिहिलं.

आता ऐका. मी सेलूच्या बाजारात बावीस वर्षं बसले. बाई येते, भेदरं, टमाटर, दाबून पाहते. मी कधी म्हटलं नाई का भेदरं ताजे आहे. थे तिले दिसतेच. मी इचारो, "काय वं, घरी कोण येऊन राह्यलं?" मंग थे सांगे. जवाई येऊन राह्यले, नाई तं पोराले सकाउन डबा द्या लागते, नाई तं सासूचे दात पडले. सासूचे दात पडले तं तिले कवळे वांगे निवडून द्या, वरणात टाकाले हिरव्या सांबाराची जुडी वरून द्या, थे बाई पुढच्या बाजारी माह्याच दुकानाशी येईन. तिले भेदरं नाई पाहिजे राह्यत. तिच्या घरात जे चालू आहे, त्याचं काही तरी पाहिजे राह्यते.

म्हून बाटलीचं नका सांगू. पाणी पेणाऱ्याचं इचारा. एकदा इचारलं का मंग गप्प बसा, गिऱ्हाईक आपोआप बोलते. आन् गप्प बसणं तं तुमाले मॅडमपेक्षा बी चांगलं येते.

परीक्षा कधी आहे? मायनं केळझरच्या गणपतीले नारळ बोलला आहे.

धुरपता


सिंदी मेघे
१६ फेब्रुवारी २०२५

धुरपतास,

परीक्षा झाली. पास झालो. वर्धेत कूलरच्या मोठ्या दुकानात सेल्समन म्हून उद्यापासून लागतो. मालकाचं नाव धनंजयभाऊ. प्रेरणा बी त्याच दुकानात लागली. दुकान उशिरा बंद होते, शेवटची बस भेटत नाई, म्हून संस्थेच्याच खोलीत राहीन.

मायले सांगजो. बाकी ठीक.

रूपराव


नवी तांबसावळी
२३ फेब्रुवारी २०२५

शुभमच्या बाबांस,

पत्र वाचलं आन् मी तशीच चप्पल न घालता बाहेर निघाली. सगळ्या पुनर्वसनात सांगून आली. नारळ फोडून आली. माय ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याले बोलावून सांगते, "आमचा रूपराव वर्धेले सेल्समन झाला." तिले थो शब्द नीट येत नाई, थे 'शेलमन' म्हणते, पण छाती अशी काढते का विचारू नका. हरिदासभाऊ आत्ताच इचारून गेले, रूपराव आपल्या माणसायले कूलर कमी-जास्त करून देईन का म्हून. शुभमले फोन केला. तो बी नुसता 'हं' म्हणाला. तुमच्यावरच गेला आहे.

मले लय आनंद झाला. पण एक इचारू? जानेवारीत एवढं मोठं पत्र लिहिणारा माणूस पास झाल्यावर पोस्टकार्डाएवढं काऊन लिहिते? परीक्षेत काय इचारलं? तुम्ही काय सांगतलं? मॅडम काय म्हणाली? कामाच्या गर्दीत नसन जमलं. पण लिहा.

धुरपता


सिंदी मेघे
१८ मार्च २०२५

धुरपतास,

लिहाले उशीर झाला. ऊन लागलं, कूलरचा सीझन सुरू झाला. काल तीन कूलर विकले. धनंजयभाऊ खूश आहे. निळा शर्ट देल्ला आहे, खिशावर दुकानाचं नाव आहे. गिऱ्हाईक आलं का नमस्कार करतो, मंग सगळं मॅडमनं सांगतलं तसं.

मंगळवारची सुटी बी सीझनमुळं भेटत नाई. तू इकडं येऊ नको, दुकानात पाय ठेवाले जागा नसते. हरिदासभाऊले सांगजो, पाहीन म्हून.

मायच्या चष्म्याचं काय झालं? काडी तुटली होती थे.

रूपराव


नवी तांबसावळी
२८ मार्च २०२५

शुभमच्या बाबांस,

मी काल आलती.

मायचा चष्मा दुरुस्त कराले वर्धेले आलती. तुम्ही नको येऊ म्हटलं होतं, पण मले वाटलं, आत नाई जाऊ, लांबून निळ्या शर्टात पाहू आन् न सांगता परत येऊ. इचारत इचारत दुकान काढलं. समोर रसवंती आहे, तिथं बसले.

निळा शर्ट एका बाईच्या अंगावर होता. दारात उभी राहून लोकायले नमस्कार करत होती, तीच प्रेरणा असन. तुम्ही मांगच्या गल्लीतून आले. डोक्याले दुपट्टा बांधला होता, अंगात घरचंच मळकं बनियन, आन् पाठीवर कूलर. टेम्पोत ठेवला. परत गेले, दुसरा आणला. मी सहा मोजले. एकदा तुम्ही रसवंतीकडं पाह्यलं, मी पदर पुढं घेतला. डाव्या पायाले पट्टी होती. काय लागलं?

मले कूलर उचलण्याचं वाईट नाई वाटलं. आपण जन्मभर उचलतच आलो. उचलणाऱ्याले आपल्या घरात कोणी कधी कमी समजलं नाई. पण मले खोटं काऊन लिहिलं? शर्टाचा रंग सुद्धा लिहिला. खिशावर काय आहे थे सुद्धा लिहिलं. तुमच्या हातचं पत्र आलं का मी पहिले हात धुते, मंग उघडते. आन् तुम्ही मले गिऱ्हाईक समजून काही बी खपवून राह्यले.

मायले काही सांगतलं नाई. तुम्ही सांगा, मंगच सांगीन.

धुरपता


सिंदी मेघे
४ एप्रिल २०२५

धुरपता,

पाय बरा आहे. कूलरचा पत्रा लागला होता. दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेतलं. हे पहिले लिहितो, कारण तू पहिले हेच शोधशीन.

मी नापास झालो. तीन दुकानदार गिऱ्हाईक बनून आलते. प्रत्येकाशी दहा-दहा मिनिटं बोलाचं होतं. पहिल्याशी नमस्कार करून मी थांबलो तं थांबलोच. दुसऱ्याले तुह्यासारखं इचाराचं मनात होतं, पण त्याच्या हातातली वही पाह्यली आन् त्या वहीकडंच पाहत राह्यलो. तिसऱ्याच्या वक्ताले मी बाहेर निघून आलो.

पण खोटं लिहाले कारण थे नाई. नापास झालो एवढंच असतं तं मी लिहिलं असतं.

सुरभी मॅडम माह्या मांगं बाहेर आली. म्हणे, "काका, मनाला लावून घेऊ नका. धुरपताताईंनी एवढी खात्री दिली होती तुमची, म्हणून मलाही वाटलं होतं..." आन् जीभ चावली. मी इचारलं, कायची खात्री? थे सांगेना. मी तिथंच उभा राह्यलो. मंग सांगतलं.

दिवाळीनंतर संस्थेचे लोक आपल्या समाजमंदिरात आलते. सगळ्यायले दोन मिनिटं बोलाले लावलं. तू मॅडमले तिचीच ओढणी विकून दाखवली, म्हणे. मॅडम म्हणाली, मी खरंच पर्स उघडली होती. निवड तुह्यी झालती. एका तुकडीत एका घरचा एकच माणूस घेतात. आन् तू म्हटलं, माह्या जागेवर माह्या मालकाले घ्या. थे नाई म्हणत होते, तू त्यायच्या गाडीपर्यंत मांगं गेली. आन् मले घरी येऊन सांगतलं का धरणवाल्यायच्या यादीतून तुमचं नाव निघालं.

तुह्यी जागा मी खाल्ली, आन् खाऊन नापास झालो. हे कोणत्या तोंडानं लिहू? मॅडमनं धनंजयभाऊले शब्द टाकून हे काम लावून देल्लं. मी म्हटलं, घरी जाऊन तुह्यासमोर बसण्यापेक्षा कूलर उचललेले बरे. आन् मंग मायनं सगळ्यायले सांगतलं, तू नारळ फोडला. एकदा खोटं लिहिलं तं त्याले शर्ट बी घाला लागला.

आता तू सांग. जागा काऊन देल्ली? मी कधी मांगतली होती का? तुले माह्यी कीव आली का?

रूपराव


नवी तांबसावळी
१० एप्रिल २०२५

शुभमच्या बाबांस,

कीव नाई आली. भेव वाटलं.

तुमाले वाटते मले मालूम नाई. मागच्या पोळ्यापासून तुम्ही रोज दुपारी बाजेवरून उठून धरणाच्या भिंतीवर जाऊन बसा. जिथं आपली वाडी बुडाली, त्या बाजूले तोंड करून. मी चुलीवरचं तसंच टाकून तुमच्या मांगं येओ. बाभळीच्या आडून उभी राहो. तुम्ही उठले का मी शॉर्टकटनं धावत घरी, आन् तुम्ही दारात आले का मी चूल फुकत बसलेली. तुम्ही एकदा इचारलं होतं, "एवढा घाम काऊन आला?" मी म्हटलं, चुलीचा. असे तीन महिने गेले. मायले बी समजलं होतं. थे काही बोलत नव्हती. फक्त म्हणे, "जा वं, पाहून ये."

संस्थेचे लोक आले तवा तुम्ही तिकडंच होते. माह्यी निवड झाली तं मले लय आनंद झाला, खोटं नाई सांगत. मॅडमनं माह्यं नाव लिहिलं, मी तिच्या मांगं उभी राहून पाह्यलं, अक्षर असं गोल-गोल. मले जावंसं वाटलं. बाजार सुटल्यापासून मले बी कोणी इचारत नव्हतं. मी घाईघाईनं घरी सांगाले आली, तं बाज रिकामी. मी तशीच धावत भिंतीवर गेली. तुम्ही बसलेले होते. त्या दिवशी चप्पल काढून बाजूले ठेवली होती तुम्ही.

मी परत फिरली आन् त्यायच्या गाडीमांगं धावली. माणूस पास होते का नापास होते, याचा इचार मी केला नाई. तुमाले त्या पाण्यापासून लांब धाडाचं होतं, बस. यादीचं खोटं सांगतलं, कारण माह्यी जागा आहे म्हटलं असतं तं तुम्ही गेलेच नसते. म्हणजे पहिलं खोटं माह्यंच आहे. तुमच्या शर्टावर मी रागावली, आता हिशेब बरोबर झाला.

आणखी एक. त्या दिवशी रसवंतीत मी रडली. पण कूलरसाठी नाई. पाचवा कूलर ठेवल्यावर तुम्ही टेम्पोवाल्याशी काही तरी बोलले आन् दोघं बी हासले. तुम्ही मान मांगं टाकून हासले. चार वर्षांनं मी तुमाले असं हासतानी पाह्यलं. रसवंतीवाला घाबरून म्हणे, "बाई, अद्रक जास्त झालं का?"

माह्यी जागा वाया गेली नाई. मायले मी सगळं सांगतलं. थे म्हणे, "उचलू दे. चालून-फिरून राह्यला ना?"

पायाची पट्टी बदलत जा.

तुमची धुरपता


सिंदी मेघे
५ मे २०२५

धुरपता,

तुह्यं पत्र पंधरा-वीस दिवस खिशात घेऊन फिरलो. घडीवर फाटाले आलं आहे. उत्तर लिहाले बसलो का पहिल्या ओळीलेच थांबो.

तू बाभळीमांगं उभी राह्यत होती, मले मालूम नव्हतं. मले वाटे मी एकटा आहे. तुह्या मनात जे भेव होतं थे बरोबर होतं. माह्या मनात दोनदा आलतं. चप्पल काढली त्या दिवशी दुसऱ्यांदा. मंग मायच्या दुपारच्या गोळ्या आठवल्या, तुले डब्बीवरचं बारीक अक्षर दिसत नाई थे आठवलं, आन् उठलो. हे मी कोणालेच सांगतलं नव्हतं. आता मनात तसं काही येत नाई. आलं तं पहिले तुले सांगीन, तुह्यी शपथ.

आता दुसरं. मागच्या रविवारी दुकानात एक म्हातारे बाबा आले, हिंगणीचे. सगळ्यात मोठ्या कूलरवर हात फिरवत उभे होते. प्रेरणानं त्यायले सगळं सांगतलं, टाकी किती मोठी, हवा किती लांब जाते, गॅरंटी किती. तिचं एक अक्षर चुकत नाई. बाबा 'हं, हं' करत होते. मले त्या 'हं'ची चांगली वळख आहे. हा माणूस घेत नाई आन् जात बी नाई. मी खोकं ठेवाले आलतो. तोंडातून निघून गेलं, "बाबा, दुपारी घरी कोण राह्यते?"

बाबा म्हणे, "सून राह्यते. शिलाई मशीन चालवते. घाम कपड्यावर टपकते, डाग पडते, लोकं कपडे परत आणून देतात. पोरगी रडते मंग."

मी गप्प बसलो, तू सांगतलं तसं. मंग बाबा आपणच बोलत गेले. खोली केवढी, मशीन कुठं, लाइट कवा जाते, सगळं. मी म्हटलं, "बाबा, मंग हा मोठा नेऊ नका. याच्या हवेनं मशीनवरचं कापड उडन, पोरीले एका हातानं दाबून धरा लागन. हा मधला न्या, दाराशी ठेवा, झडप वर करा. हवा भिंतीले लागून खाली येईन." बाबानं माह्याकडं पाह्यलं. म्हणे, "तू इतका वेळ कुठं होता गा?" मधला कूलर घेऊन गेले. मी टेम्पोत ठेवाले गेलो तं म्हणे, "सुनेच्या हातानं तुले एक शर्ट शिवून पाठवतो." पाठवला नाई अजून, थे सोड.

धनंजयभाऊ काउंटरवरून पाहत होते. पहिले बोंबलले, "मोठा जात होता, मधला काऊन देल्ला?" मंग जरा वेळानं म्हणे, "उद्यापासून समोर उभा राह्य. पण खोकी बी तूच उचलजो, दुसरा माणूस नाई माह्यापाशी." म्हून सध्या दोन्ही करून राह्यलो. आठ दिवसांत पाच कूलर गेले. पाच म्हणजे पाचच, पाहिजे तं प्रेरणाले इचार. प्रत्येकाच्या घरी कोण आहे, मले सगळं मालूम आहे. आल्यावर सांगीन. शर्ट बी भेटला. निळाच आहे, बाही थोडी आखूड पडते.

मंगळवारी सुटी मांगून घेतली आन् संस्थेत गेलो. मॅडमले म्हटलं, "मी जिच्या जागेवर बसलो होतो, तिची जागा द्याले आलो." मॅडमनं जुनं रजिस्टर काढलं. तुह्यं नाव खोडलेलंच नाई, बाजूले पेन्सिलनं 'नंतर' लिहिलं आहे. पुढची तुकडी ९ जूनपासून आहे. माह्या नापासाचा तुह्या नावाशी संबंध नाई, म्हणे. मी फॉर्म भरला आहे. सही तुह्यी लागते.

तू म्हणशीन, मायले कोण पाहीन. त्याच्यासाठी एक खोली पाह्यली, इथंच सिंदी मेघेत. पहिले तिच्या खोटी सांगतो. नळ एक दिवसाआड येते. शेजारचे दिवसभर टीव्ही लावून ठेवतात. मायले तीन पायऱ्या चढा लागतीन. दुपारून स्वयंपाकघर तापते. चांगलं एवढंच का मांगं दोन हात मोकळी जागा आहे, माती काळी आहे, मी उकरून पाह्यली. घरमालकीण बाई बोलघेवडी आहे, माय आन् थे दिवसभर बोलत बसतीन. सकाउन तू वर्गात, मी दहाले दुकानात, दुपारी मी जेवाले घरी येईन, मायले गोळ्या मी देईन.

घ्याची का नाई, थे तू सांग. जबरदस्ती नाई. पण माह्या मनातलं इचारशीन तं, घ्यावी.

तुह्या उत्तराची वाट पाहून राह्यलो.

तुहा रूपराव


नवी तांबसावळी
११ मे २०२५

अहो,

खोली घ्या.

माय म्हणे, "पायऱ्या तीनच ना? मी काय म्हातारी झाली?" अठ्ठ्याहत्तरची बाई! टीव्हीवाल्या शेजाऱ्याचं ऐकून तं खूश झाली, म्हणे बरं झालं, आपल्याले लावा लागणार नाई. परवापासून गाठोडे बांधून राह्यली. अजून महिना आहे म्हटलं तं ऐकत नाई, कालची भाकर कुठल्या गाठोड्यात बांधली थे दोघी शोधून राह्यलो.

पत्र मी पहिले एकटीनं वाचलं, मंग मायले वाचून दाखवलं. दुसरा परिच्छेद सोडून दिला. पण तिले समजलं. "मधचं काऊन गाळलं?" म्हणे. मंग थे बी वाचलं. तिनं माह्या डोक्यावरून हात फिरवला आन् देवापाशी दिवा लावला.

फॉर्मवर मी तिथं येऊनच सही करीन. खरं सांगू का, आता मले भेव वाटते. बाजारात पोत्यावर बसून बोलणं येगळं आन् आरशासमोर उभं राहून हासणं येगळं. मी नापास झाली तं? तवा तुम्ही मले असं म्हणू नका का मी मुद्दाम झाली, तुमाले बरं वाटावं म्हून. मी पास होईन. त्या ओढणीच्या वेळेपेक्षा चांगलं करीन.

हरिदासभाऊ कूलरचं इचारत होते. त्यायच्या घरी कोण कोण आहे थे तुमाले मालूमच आहे, बाप-लेक दोघंबी दुपारी झोपते आन् दोघंबी घोरते, तसा पाहून ठेवा.

आठ जूनले, रविवारी, सांजच्या बसनं आम्ही दोघी येतो. स्टँडवर या. प्रेरणाले बी आणा, मले तिले पाहाचं आहे, आन् थे मायसंग ऑटोत सामान घेऊन पुढं जाईन. आपण दोघं पायी जाऊ. हिंगणीचे बाबा काय बोलले, त्यायच्या सुनेचं काय झालं, धनंजयभाऊ कसे बोंबलले, मॅडमनं रजिस्टर कसं काढलं, बाकीच्या चार कूलरवाल्यायच्या घरी कोण आहे, थे सगळं मले सांगा. पत्रात वाचलं आहे, पाचदा वाचलं. तरी बी पहिल्यापासून सांगा. मी मधात बोलणार नाई.

तुमची धुरपता